अकराव्या पानावरची आई

हार्पर्स बेंड, जॉर्जिया
९ फेब्रुवारी १९९४

रोझलिन,

तुझं जाडजूड पाकीट काल मिळालं. मला वाटलं कोर्टाचं काही आलं, म्हणून आधी खुर्चीत बसले आणि मग फोडलं. आत टाईप केलेली सत्तावीस पानं, आणि सोबत चिठ्ठी म्हणून एक ओळ नाही. वर्षातून दोनदा कार्ड येतं, तेही छापील मजकुराचं. आता एकदम सत्तावीस पानं आली, तर त्यात माझ्यासाठी काही नाही, माझ्याबद्दल मात्र भरपूर.

वाचली. दोनदा वाचली. तुम्ही ओकलंडला बसून ज्याला वुमनिझम म्हणता, ते मला कळलं नाही असं समजू नकोस. गोऱ्या बायकांच्या चळवळीत आपल्या काळ्या बायकांचं चर्च, आपले नवरे, आपली पोरं, काहीच मावत नव्हतं, म्हणून आपल्या बायकांनी आपल्या बघण्याला वेगळं नाव दिलं. आपण एकट्याच सुटून जायचं नाही, सगळी वस्ती सोबत तगली पाहिजे. बाई गं, हे करत मी चाळीस वर्षं चर्चच्या त्या स्वयंपाकघरात उभी आहे. पाय सुजले, पण त्याला नाव असतं हे कुणी सांगितलं नाही.

आता चुका सांगते. चर्चच्या स्वयंपाकघरात सहा शेगड्या होत्या असं लिहिलंस. चार होत्या, आणि त्यातली एक कधीच नीट पेटली नाही. सातव्या पानावरचा पीच कॉबलर माझा नव्हे, इनेझचा, आणि तो मधून कच्चाच असायचा. कुणी गेलं की मातीनंतरचं जेवण आम्ही 'प्रतिकार म्हणून' रांधायचो असं तू म्हणतेस. आम्ही ते लोकांना भूक लागते म्हणून रांधायचो.

अकराव्या पानाबद्दल आत्ता काही लिहीत नाही.

इथलं सांगते, कारण ते तुझ्या निबंधात बसेल. लव्ही मेची नात चार्लीस आठवते का? तू गेलीस तेव्हा ती तीन वर्षांची होती. आता सतरावं सरलंय, आणि चर्चच्या कॉयरमध्ये ती गायला लागली की पंखे हलवणाऱ्या बायका पंखे थांबवतात. सहावा महिना चालू आहे. मुलगा रॉडरिक, आपल्या चर्चमध्ये ड्रम वाजवतो आणि कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनांनी ठरवलं की मार्चच्या तिसऱ्या रविवारी चार्लीसने मंडळीपुढे उभं राहून माफी मागायची. रॉडरिकचं काय, तर त्या रविवारी त्याने ड्रम वाजवायचे.

लव्ही मेने नातीला सांगितलं, उभी राहा, नाहीतर या घरात राहू नको. ती बॅग घेऊन माझ्या दारात आली. मी तिला तुझ्या खोलीत ठेवलीय. तुझ्या वस्तू खोक्यात भरल्या, फेकल्या नाहीत, उगाच मनात काही आणू नकोस.

आणि आता सगळे माझ्याकडे बघतायत. मुलीने वाचायची ती माफीची चिठ्ठी मी लिहायची असते, हे तुला माहीतच आहे. माझं अक्षर चांगलं. वीस वर्षं मीच लिहीत आले. तीस वेळा विचारून झालं, "अर्नेस्टीन, चिठ्ठी झाली का?" म्हणून. डोकं फिरलंय माझं.

तुझ्या मुलीला माझे आशीर्वाद सांग. ती माझं नाव ऐकून ओळखते तरी का?

आई


हार्पर्स बेंड
२३ फेब्रुवारी

रोझलिन,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. माझ्याकडे कागद भरपूर आहे.

सोमवारी डीकन बॉयकिनकडे गेले. अंगणात बसून पेकनचे अक्रोड फोडत होता. फोडायचे चार आणि खायचे सहा, लहानपणापासून तसाच आहे. मी सरळ विचारलं.

"हेझकाया, पोरगी पोटुशी झाली ती हवेतून झाली का?"

"अर्नेस्टीन, सकाळी सकाळी असं बोलू नको."

"मग रॉडरिकला का उभं करत नाही?"

"त्याला कशाला? त्याच्या पोटावरून कळतं का काही? ज्याचं दिसतं, त्याची माफी. मंडळीचा नियम आहे, माझा नाही."

"नियम कुणी केला?"

"आपल्या आधीच्यांनी. तुला माहीत आहे."

म्हटलं, पोरगी गाते, पोरगी शाळेत पहिली आहे, तिला सत्तर माणसांपुढे उभं करून तुम्हाला मिळणार काय? तर म्हणतो कसा, "तिलाच मिळणार. वाचून झालं की सगळं मिटलं. बाळाला आशीर्वाद मिळतो, बायका घरी येतात, पाळणा येतो. न वाचता कोण येईल तिच्या दारात? हे मला तू शिकवलंस, अर्नेस्टीन."

मी म्हटलं, मी काही शिकवलं नाही.

त्याने हातातला अडकित्ता खाली ठेवला. "चौदा वर्षांपूर्वी या पायरीवर कोण येऊन बसलं होतं? विसरलीस?"

त्यापुढे तो जे बोलला ते मी लिहीत नाही. घरी आले आणि चार्लीसवर उगाच ओरडले, टॉवेल ओला ठेवला म्हणून. ती बिचारी म्हणाली, "सॉरी, मिस अर्नेस्टीन," आणि टॉवेल वाळत घातला. सॉरी म्हणायला तिला फार सोपं जातं, हेच मला सहन होत नाही.

अकरावं पान मी काढून उशीखाली ठेवलं होतं. आता बायबलमध्ये ठेवलंय. दोन्हीकडे बोचतं.

आई


हार्पर्स बेंड
६ मार्च

रोझलिन,

आलं बाई तुझं पत्र. पाच ओळी! मी मोजल्या. "चार्लीसला उभं राहू देऊ नकोस. ते पुरुष काय आहेत मला माहीत आहे. त्यांच्यापुढे तुझं काही चाललं नाही तेव्हा. मी तुला दोष देत नाही. काळजी घे."

दोष देत नाहीस! काय उपकार! तुझ्या त्या अकराव्या पानावरही तेच. 'माझी आई, पुरुषांच्या त्या सभेपुढे हतबल, पहिल्या बाकावर मूग गिळून बसली.' हतबल? मी? तुझ्या वडिलांना विचार, तेही कबरीतून हसतील. या गावात मी कधी कुणापुढे हतबल होते गं? शाळेच्या कँटीनमध्ये गोऱ्या मॅनेजरने आपल्या मुलांना शिळं दूध द्यायला सांगितलं तेव्हा कॅनच्या कॅन मी त्याच्या गाडीवर ओतले. तुला ते माहीत आहे, तू सातव्या पानावर लिहिलंयस. मग चारच पानांत मी हतबल कशी झाले?

असो. चर्चचं सांगते.

गुरुवारी किचन कमिटीची बैठक घेतली. अजेंड्यात ईस्टरचं जेवण होतं, पण मी आधी चार्लीसचा विषय काढला. म्हटलं, बायांनो, यंदा चिठ्ठी नको. इनेझ म्हणाली, "का नको? मी बावन्न साली उभी राहिले. मेले का मी?"

लव्ही मे म्हणाली, "मीही राहिले. माझ्या आईने मला नवीन पांढरा ड्रेस शिवला होता त्या दिवसासाठी."

"आणि आवडलं तुला?" मी विचारलं.

"आवडायला ते काय आइस्क्रीम आहे? उभं राहायचं, वाचायचं, संपलं. संध्याकाळी सगळ्या घरी आल्या. बाळंतपण बायकांनी केलं माझं. तीन महिने मी चूल पेटवली नाही. न वाचता ते झालं असतं का? एडनाचं काय झालं, बोल ना."

एडना कुणाला विसरता येत नाही. तू तेव्हा लहान होतीस. ती उभी राहिली नाही, ताठ मानेने मेकनला गेली, एका खोलीत राहिली. तिचं बाळ तापाने गेलं. आपल्यातली एकही तिच्याकडे वाटीभर सूप घेऊन गेली नाही. मीही नाही. नंतर जेवणाची ताटं घेऊन गेलो, मातीला.

मी म्हटलं, "म्हणजे उभं नाही राहिलं तर आपण सूप देत नाही. मग उभं राहायला कोण लावतं गं, डीकन का आपण?"

लव्ही मेने पर्स उचलली आणि गेली. इनेझ जाताना म्हणाली, "तुझी मुलगी तुला काहीबाही पाठवते, त्याने तुझं डोकं बिघडलंय." तुझ्या निबंधाला किचन कमिटीचं हे मत.

शुक्रवारी रॉडरिकला गाठलं. कारखान्यातून सुटून घराकडे चालला होता, अंगाला कोंबड्यांचा वास. मी गाडी थांबवली. "बस."

"मॅम, माझे कपडे..."

"बस म्हटलं ना."

बसला. एकोणीस वर्षांचा घोडा, आणि गुडघ्यावर हात ठेवून असा बसला जणू मी त्याला मुख्याध्यापकांकडे नेतेय. विचारलं, चार्लीसला भेटतोस का? म्हणाला, तिच्या आजीने येऊ नको म्हटलंय. विचारलं, तिसऱ्या रविवारी काय करणार? तो रडायला लागला. "मला कुणी विचारलंच नाही, मॅम. मला कुणी सांगितलं नाही मी काय करायचं."

तू म्हणशील, सगळं त्यालाही सांगावं लागतं का? मीही तेच म्हटलं, मोठ्याने. पण खरं सांगू का, आपण आपल्या मुलांना एवढंच शिकवलंय. मुली उभ्या राहतात आणि मुलगे ड्रम वाजवतात. मी त्याला घरापाशी सोडलं. अजून नाक पुसत होता.

तुझा निबंध सगळी वस्ती तगवायची म्हणतो. चार्लीस तगायला हवी, तसा तो बावळटही तगायला हवा. एवढं माणसाने कसं पेलायचं, त्याबद्दल सत्तावीस पानांत एक अक्षर नाही.

आई


हार्पर्स बेंड
१४ मार्च

रोझलिन,

आज टाळाटाळ करत नाही. अर्धं पत्र लिहिल्यावर धीर सुटेल, म्हणून आधी मुद्द्याचं लिहिते.

तुला उभं करायला डीकनांनी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

ऑगस्ट एकोणऐंशी. तुला चौथा महिना होता. बॉयकिन तर म्हणत होता, मुलगी कॉलेजला जाणार आहे, राहू दे, गुपचूप दुसऱ्या गावी पाठव मावशीकडे. त्याच्या पायरीवर मी बसले आणि मी म्हटलं, नाही, माझी मुलगी कुणाच्या मावशीकडे जाणार नाही. तिला उभी कर. तिला सगळ्यांसमोर उभी कर म्हणजे कुणाला पाठीमागे बोलायला उरणार नाही. माझ्या डोळ्यांपुढे एडनाचं बाळ होतं. तुझं बाळंतपण अकरा बायकांच्या हातात व्हायला हवं होतं मला, मेकनच्या खोलीत नाही. मी हिशेब केला होता की तीन मिनिटांची लाज, आणि त्याबदल्यात आयुष्यभराची माणसं. मला तो सौदा बरा वाटला. लाज माझी नव्हती ना.

तुझी चिठ्ठी तू स्वतः लिहिली होतीस आधी. एक पान होतं. त्यात त्या मुलाचं नाव होतं, जो त्याच आठवड्यात सैन्यात निघून गेला. मी ते खोडलं. "मी चुकले" हे तू एकदा लिहिलं होतंस, मी तीनदा केलं. स्वच्छ अक्षरात उतरवून तुझ्या हातात दिलं आणि म्हटलं, "डीकनांची हीच इच्छा आहे." तुला खोटं सांगितलं. माझ्या अक्षरात लिहिलेलं तू वाचलंस, आणि वाचताना दुसऱ्या ओळीवर तुझा आवाज गेला, आणि मी पहिल्या बाकावरून ओठांनी तुला पुढचा शब्द सांगितला. शाळेतल्या नाटकासारखा.

त्या संध्याकाळी अकरा बायका आल्या. अकरा. भांडी ठेवायला जागा नव्हती. कॉलर्डची भाजी, मक्याचा पाव, इनेझचा तो कच्चा कॉबलर. मी मनात म्हटलं, बघ, जमलं. तू त्यातलं काही खाल्लं नाहीस. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर तू बस पकडलीस. मी सगळ्यांना सांगितलं की रोझलिन शिकायला गेली.

तर अकराव्या पानावर हतबल म्हणून जी बसली आहे ती मी नाही. ते खोटं आहे, आणि ते खोटं माझ्या सोयीचं आहे, म्हणून महिनाभर मी ते तसंच राहू दिलं आणि तुला शेगड्यांची संख्या सांगत बसले.

हे आता का लिहिते? कारण काल चार्लीस स्वयंपाकघरात आली. बटाटे सोलत होते मी. म्हणाली, "मिस अर्नेस्टीन, तुम्ही चिठ्ठी लिहून द्या ना. मी वाचते आणि संपवते."

"तुला वाचायचंय?"

"मला ईस्टरला गायचंय. आणि बाळासाठी बायका यायला हव्यात. घरी जाऊन आजीला मिठी मारायचीय. तीन मिनिटांचं तर आहे."

तीन मिनिटांचं. हे तिला कुणी सांगितलं माहीत नाही, पण बोलणं माझंच होतं. माझ्या हातातली सुरी थांबली. मी म्हटलं, "मला वेळ नाही, बटाटे आहेत." ती गेली. मी नको तेवढे बटाटे सोलले, दोन दिवस तेच खातोय.

चिठ्ठी मी लिहिणार नाही. मी काय करणार ते मला अजून माहीत नाही. रागव. तुला हक्क आहे. पण या वेळी माझ्यावर रागव, बॉयकिनवर नको. त्याच्या वाट्याचा राग त्याच्याकडे वेगळा पोचेल.

आई


हार्पर्स बेंड
२४ मार्च

रोझलिन,

रविवारपासून चार दिवस गेले. तुझा फोन आला नाही, म्हणजे मागचं पत्र पोचलं असणार.

रविवारी चर्च भरलं होतं. चार्लीस तिसऱ्या बाकावर लव्ही मेशेजारी, निळ्या ड्रेसमध्ये, बटणं लागत नव्हती म्हणून वर माझा स्वेटर. हातात कोरा रुमाल, कारण मी काही दिलं नव्हतं. रॉडरिक ड्रमवर. त्याने सगळ्या उपासनेत एकदाही ठेका सोडला नाही, त्याचाच मला राग येत होता. प्रवचन संपलं. बॉयकिन उठला, घसा खाकरला. "सिस्टर चार्लीस."

मी उठले. कमिटीचा पांढरा युनिफॉर्म घातला होता. पुढे जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले.

तो कानात म्हणाला, "अर्नेस्टीन, तू नव्हे."

"माहीत आहे. सरक जरा."

मी काही लिहून नेलं नव्हतं. वीस वर्षं दुसऱ्यांच्याच तोंडी शब्द घातले होते. मी म्हटलं, "मी अर्नेस्टीन. मी एकवीस मुलींच्या चिठ्ठ्या लिहिल्या. एकीतही मुलाचं नाव नव्हतं. माझ्या स्वतःच्या मुलीने नाव लिहिलं होतं, ते मी खोडलं. तिला इथे उभं करा म्हणून मी डीकनांच्या घरी गेले होते, डीकन माझ्याकडे आले नव्हते. तुमचं सूप तिला मिळावं म्हणून मी तिला विकलं. सूप मिळालं. मुलगी गेली." आणि म्हटलं, "उरलेल्या वीसजणींपैकी सहा इथे बसल्या आहेत. मला माफ करा असं म्हणत नाही. मी केलं, एवढंच सांगते."

तुला आठवतंय ना, यानंतर काय होतं? डीकन विचारतो, मंडळी हिला परत घेते का, आणि सगळे उजवा हात वर करतात. बॉयकिन गोंधळला होता. गोंधळला की माणूस सवयीचं करतो. त्याने विचारलं, "मंडळी सिस्टर अर्नेस्टीनला परत घेते का?" आणि हात वर गेले! पहिला लव्ही मेचा, मग इनेझचा, मग जवळजवळ सगळ्यांचे. प्रेमाने गं, खरंच प्रेमाने. इनेझ रडत होती. कुणीतरी "आमेन" म्हटलं. ऑर्गनवालीने सूर धरला.

माझ्या डोक्याला इतका संताप चढला की युनिफॉर्मची कॉलर टोचायला लागली. मी ओरडले, "हात खाली!"

ऑर्गन थांबला.

"हात खाली घ्या. सगळे. इनेझ, तूसुद्धा. कशाचं मत देताय? मी तुमचं काय बिघडवलं? तुमच्या घरी तर मी मातीची जेवणं रांधली. ज्यांचं बिघडवलं त्यांच्यातल्या सहाजणींनी हात वर केले नाहीत, मी बघतेय. त्यांनी नाही केले तरी चालेल. आणि एक ओकलंडला आहे. तिचा हात तुम्ही नाही उचलायचा."

हात खाली आले. एकेक, नाइलाजाने. नवे पाळक खुर्चीतून अर्धवट उठून तसेच राहिले होते.

बॉयकिन हट्टी आहे. त्याने पुन्हा नाव घेतलं, "सिस्टर चार्लीस." हळू घेतलं, पण घेतलं. चार्लीस बसूनच म्हणाली, "नाही, सर. माझ्याकडे वाचायला काही नाही." लव्ही मेने तिच्या दंडाला धरलं. मला वाटलं उठवतेय. धरूनच बसली, पण उठवलं नाही. पाळकांनी पटकन शेवटची प्रार्थना सांगितली आणि आम्हा सगळ्यांना उन्हात सोडून दिलं.

आता तुझ्या पुढच्या निबंधासाठी शेवट गोड करून सांगत नाही. सोमवारी मला किचन कमिटीवरून काढलं. ईस्टरचं जेवण इनेझ बघणार आहे, प्रभू मंडळीचं रक्षण करो. चार्लीसला कॉयरमध्ये घेतलेलं नाही. 'विचार चालू आहे' असा निरोप आहे. दोन बायका माझ्याशी बोलत नाहीत. मंगळवारी रॉडरिक बापाला घेऊन आला आणि दोघांनी मिळून पाळणा जोडला. एक पाय उलटा लावला, बाळ घातलं तर घरंगळत भिंतीला जाईल. पुन्हा खोलायला लावला. तो चार्लीसजवळ बसून हळूच म्हणाला, "मी पुढच्या वेळी उभा राहीन." ती म्हणाली, "पुढच्या वेळी? किती वेळा करायचा विचार आहे तुझा?" आणि ती हसली, रोझलिन. महिन्याभरात पहिल्यांदा.

काल लव्ही मे मागच्या दाराने आली. बटर बीन्सचं पातेलं टेबलावर ठेवलं आणि पोरीच्या सुजलेल्या पायांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी उभी राहिले त्या दिवशी मला उलटी झाली होती. ड्रेसवर. कुणाला सांगितलं नाही." आणि मग नातीचे पाय मांडीवर घेऊन चोळायला बसली. मी भांडी घासत राहिले. आमच्या दोघींच्या वयाची बेरीज सव्वाशेच्या वर जाते, आणि हे एवढं एक वाक्य बोलायला आम्हाला इतकी वर्षं लागली.

आज चार्लीसने विचारलं, "मिस अर्नेस्टीन, रोझलिनताई तुम्हाला माफ करतील का हो?" मी म्हटलं, "तो तिचा प्रश्न आहे. तू बीन्स संपव."

तुला मात्र सरळ लिहिते. ये म्हणत नाही. माफ कर म्हणत नाही. चौदा वर्षांत मला जे ऐकवायचं राहिलं असेल ते सगळं ऐकव, फोनवर, मोठ्याने, जितका वेळ लागेल तितका. मी चारनंतर घरीच असते, आता तर कमिटीही नाही. मी मध्ये बोलणार नाही, तुझी चूक काढणार नाही, शेगड्या किती होत्या ते सांगणार नाही. मला हे जमणार नाही, आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. मी मध्ये बोललेच तर फोन आपट, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कर.

आई